मिडासची मुलगी कुठून आली?

मिडास राजा ज्याला हात लावी त्याचे सोने होई, आणि शेवटी लाडक्या लेकीला जवळ घेतले तेव्हा तिचाही सोन्याचा पुतळा झाला. ही ग्रीक कथा आपल्याकडच्या मुलांना बहुधा अशीच माहीत असते. इ. स. 8 च्या सुमारास पूर्ण झालेल्या ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसिस’ या लॅटिन काव्यात मात्र ही मुलगी नाहीच. तिथे राजाच्या हातातला घास सोन्याचा होतो, मद्य घशात वितळलेले सोने होऊन उतरते आणि भुकेने कासावीस झालेला राजा बॅकस देवाची करुणा भाकतो. त्याआधी तीन शतकांहून अधिक काळ, पैशाच्या राशीवर बसूनही माणूस उपाशी मरू शकतो हे पटवताना ॲरिस्टॉटलने याच मिडासचा दाखला दिला होता. लेक रूढ झाली ती नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकी लेखकाने 1851 साली मुलांसाठी लिहिलेल्या ‘अ वंडर बुक’मुळे. त्याने तिचे नाव मेरीगोल्ड ठेवले.

शाळेत ग्रीक कथा शिकवताना अशी दोन रूपे शेजारी ठेवावीत, असे मला ठामपणे वाटते. फरकांची यादी करून घेणे ही फार तर सुरुवात झाली. या फरकामुळे गोष्टीचे काय झाले, हा प्रश्न त्यापुढचा, आणि तो दहा वर्षांच्या मुलालाही झेपतो. ओव्हिडकडे राजाला वर मिळतो तो बॅकसच्या वृद्ध गुरूचा, सायलेनसचा, पाहुणचार केल्याबद्दल. हॉथॉर्नकडे एक अनोळखी तेजस्वी पुरुष आपणहून तळघरात येतो. मग दोष कुणाचा? एकीकडे राजाचा जीव धोक्यात येतो, दुसरीकडे त्याची माया. हॉथॉर्नचा मिडास शहाणा होऊन नातवंडांना आपली गोष्ट सांगतो. ओव्हिडचा मिडास धनाला विटतो, पण अक्कल येत नाही. पुढच्याच प्रसंगात अपोलोचे वादन कमी लेखून तो गाढवाचे कान ओढवून घेतो. एकोणिसाव्या शतकातल्या बालवाचकासाठी लिहिणाऱ्याला सुधारलेला बाप का हवा होता, हे मुले स्वतः शोधतात, तेव्हा प्रत्येक गोष्टीमागे एक सांगणारा असतो हे त्यांना कायमचे कळते.

यावर आक्षेप येतो की मुले गोंधळतील, ‘खरी गोष्ट कोणती?’ असे विचारतील. विचारू द्यावे. प्राचीन लेखकांतच एकाचा मिडास मरतो आणि दुसऱ्याचा पॅक्टोलस नदीत न्हाऊन सुटतो, तेव्हा एकच खरे रूप दाखवता येणारच नाही. मोरोपंतांनी रामायण पुन्हा पुन्हा नव्या तऱ्हेने रचले, त्याने मराठी श्रोता गोंधळला नाही. चिरफाडीने गोडी जाते, हा दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. म्हणून आधी एक रूप पूर्ण, रंगवून सांगावे आणि दुसरे काही दिवसांनी. जुने तेच अस्सल आणि हॉथॉर्नने ते बिघडवले, असा निकाल मात्र शिक्षकांनी मुलांच्या गळी उतरवू नये. मेरीगोल्डचा प्रसंग उत्तम आहे. तो कुणी आणि कशासाठी घातला एवढेच मुलांना विचारा, आणि उत्तरासाठी त्यांना पुरेसा वेळ द्या.