खारवट, चोपण आणि राख : कोळसा ‘धुणे’ या शब्दाचा अर्थविचार

कोळसा उगाळावा तितका काळाच, अशी म्हण मराठीत रूढ आहे. तरीही निकृष्ट प्रतीचा कोळसा वीजकेंद्रात जाळण्यापूर्वी ‘धुवावा’, असा विचार वारंवार मांडला जातो. या एका क्रियापदाखाली तीन भिन्न प्रक्रिया झाकल्या गेल्या आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय कोणता कोळसा धुण्याने सुधारेल, हे ठरविता येत नाही.

हा भेद समजण्यास शेतकऱ्याची शब्दसंपत्ती उपयोगी पडते. उमरग्याची भूमी बेसाल्ट खडकाची. तेथे कोळसा नाही, पण काळी माती आहे. अशा मातीत निचरा न झाल्यास जमीन बिघडते, आणि त्या बिघाडाला मराठीत दोन नावे आहेत. क्षार मातीत मोकळे साचले, तर जमीन ‘खारवट’ होते. भरपूर पाणी देऊन निचरा केला की ते वाहून जातात. सोडियम मातीच्या कणांनाच चिकटून बसला, तर ती ‘चोपण’ होते. अशी जमीन पाणी मुरू देत नाही. तिला प्रथम जिप्सम द्यावे लागते; त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि मगच पाण्याचा उपयोग होतो.

कोळशातील क्षारांचेही असेच दोन प्रकार आहेत. काही मीठ कोळशाच्या छिद्रांतील पाण्यात विरघळलेले असते. कोळसा बारीक करून पाण्यात ढवळल्यास त्याचा बराच भाग निघून जातो. लिग्नाइटसारख्या कोवळ्या कोळशात मात्र पुष्कळसा सोडियम सेंद्रिय आम्लगटांशी बांधलेला असतो. तो नुसत्या पाण्याने सुटत नाही. त्यासाठी सौम्य आम्लाचा किंवा कॅल्शियमयुक्त द्रावणाचा उपयोग करावा लागतो. यालाच आयन-विनिमय म्हणतात. पहिला कोळसा खारवट, तर दुसरा चोपण, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे बॉयलरमध्ये दिसते. ज्वालेच्या उष्णतेत सोडियमची वाफ होते. ती तुलनेने थंड नळ्यांवर सल्फेटच्या रूपाने बसते आणि उडत्या राखेला चिकटवून तिचा कठीण थर बनविते. साधे मीठ ८०१ अंश सेल्सिअसला आणि सोडियम सल्फेट ८८४ अंशांना वितळते, यावरून या थराच्या चिकटपणाची कल्पना येईल. थर वाढला की उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही व अखेरीस संच बंद करून नळ्या साफ कराव्या लागतात. जर्मनीत अशा लिग्नाइटला ‘साल्झकोले’, म्हणजे ‘मीठ-कोळसा’, असे स्वतंत्र नावच आहे.

महाराष्ट्राच्या वर्धा खोऱ्यातील गोंडवनकालीन कोळशाची अडचण मात्र मिठाची नसून राखेची आहे. भारतीय वीजकेंद्रांत जळणाऱ्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख सामान्यतः आढळते. ती पाण्यात विरघळणारी नव्हे. ती माती व शिळा आहे, आणि तिचा बराच अंश कोळशाच्या कणाकणांत मिसळलेला असतो. येथे पाणी मळ विरघळवीत नाही, तर जड व हलके वेगळे करते. पाण्यात मॅग्नेटाइटची पूड मिसळून त्याची घनता वाढविली की हलका कोळसा तरंगतो आणि जड शिळा तळाशी जाते. हे खरे पाहता धुणे नव्हे, पाखडणे होय. सुपात जसे थोडे धान्य कोंड्याबरोबर जाते, तसा थोडा कोळसाही टाकाऊ भागात जातो.

या भेदाचे व्यावहारिक परिणाम मोठे आहेत. ४० टक्के राखेचा १०० टन कोळसा वाहून नेणे म्हणजे सुमारे ४० टन न जळणारा भार वाहणे होय. केंद्र शासनाने १९९७ साली १००० किलोमीटरहून दूरच्या वीजकेंद्रांसाठी राखेची मर्यादा ३४ टक्के ठरविली; २०१४ च्या अधिसूचनेने अंतराची अट ५०० किलोमीटरपर्यंत खाली आणली; मे २०२० मध्ये हे बंधन काढून टाकण्यात आले. खाणीजवळ न पाखडलेली राख अशा वेळी वीजकेंद्राच्या शेजारील गावांच्या वाट्याला येते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. उमरग्याहून महामार्गाने पश्चिमेस गेल्यास सोलापूरजवळ प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच लागतात. २०१७ व २०१९ मध्ये ते कार्यान्वित झाले. त्यांचे पाणी उजनी जलाशयातून येते. बीड जिल्ह्यातील परळीचे वीजकेंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. अशा प्रदेशात पाणी खर्चून कोळसा धुण्यापूर्वी त्यातून नेमके काय काढावयाचे आहे, हे आधी सांगता आले पाहिजे.

सारांश, खारवट कोळसा धुवावा, चोपण कोळशातील सोडियमचा विनिमय करावा, आणि राखट कोळसा खाणीच्या तोंडाशीच पाखडावा. खारवट व चोपण यांतील भेद शेतकऱ्याने आपल्या भाषेत केव्हाच केला आहे. वीजनिर्मितीच्या चर्चेनेही तो पाळावा, हे इष्ट होय.