चिकोडीचा प्लॉट : भाव, कागद आणि हप्ता

१९९७ साली कर्नाटकातल्या जे. एच. पटेल यांच्या सरकारने नव्या जिल्ह्यांच्या यादीत बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीचं नाव घातलं आणि थोड्याच काळात ते मागेही घेतलं. जिल्हा झाला नाही, पण जागेचा बाजार पुढे कित्येक वर्षं त्याच आशेवर चालला. ‘जिल्हा झाला की भाव दुप्पट’ हे वाक्य इथल्या एजंटांना पाठ आहे. निवडणूक जवळ आली की जिल्ह्याची मागणी पुन्हा वर येते आणि त्याबरोबर प्लॉटचा भावही.

या काळात जागेत पैसे घातलेल्यांचा हिशेब मांडला तर बातमी आधी कुणाला कळली याला फारसा अर्थ उरत नाही. टिकले ते ज्यांचे कागद साफ होते, आणि हप्ता भरण्यासाठी जागा विकायची पाळी ज्यांच्यावर आली नाही ते.

संचकाराचे दिवस

सुरुवातीला इथल्या जागेत येणारा पैसा शेतातलाच असायचा. निपाणीला तंबाखूचे पैसे झाले, कारखान्याचं उसाचं बिल जमा झालं की चार-दोघे भागीत गावालगतचा एकर-दोन एकर धरायचे. बँकेचा संबंध नाही. थोडा संचकार, म्हणजे इसार द्यायचा, बॉण्डवर सहा महिन्यांची मुदत लिहायची आणि मुदतीच्या आत दुसरं गिऱ्हाईक गाठून मधला फरक खिशात घालायचा. भाव चढता होता तोवर हे जमलं. गिऱ्हाईक मिळालं नाही की मालक फिरायचा, एजंट फोन उचलायचा नाही आणि संचकार अडकायचा. ठरलेली तारीख उलटल्यावर करार पुरा करून मागण्यासाठी कोर्टात जायला तीनच वर्षं मिळतात. ‘बघू, देतो म्हणालाय’ या भरवशावर अनेकांची ती वर्षंही गेली.

दुसरी अडचण कायद्याची. कर्नाटकच्या भूसुधारणा कायद्याने बिगरशेतकऱ्याला आणि बाहेरचं उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असणाऱ्याला शेतजमीन घ्यायला मनाई होती. मग नोकरदार माणूस शेतकरी असलेल्या मेहुण्याच्या नाहीतर चुलत्याच्या नावावर जमीन घ्यायचा. पैसा याचा, उताऱ्यावर नाव त्याचं. पुढच्या पिढीत वाटणी निघाली की हा पैसा कुणाचा होता ते सांगायला कुणी उरायचं नाही. १ नोव्हेंबर २०१६ पासून बेनामीचा कायदा कडक झाला तेव्हा तर ही सोय अंगाशीच आली. खरेदीपत्राऐवजी वटमुखत्यारपत्रावर भागवणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच बजावलं होतं की त्याने मालकी मिळत नाही.

उतारा वाचण्याची सवय

२००० च्या आसपास ‘भूमी’ योजना आली आणि तलाठ्याच्या हातचा उतारा मागे पडला. तालुक्याच्या ठिकाणी संगणकाचा उतारा मिळू लागला, पण कन्नडमध्ये. मराठी गिऱ्हाईक बॉण्ड रायटरच्या तोंडाकडे बघत बसायचं. खरं तर तीन रकाने ओळखता आले तरी निम्मं काम होतं. ९ व्या रकान्यात कब्जेदाराचं नाव, १० व्यात जमीन त्याच्याकडे कशी आली ते, आणि ११ व्यात इतर हक्क व बोजा.

एखादा नेहमीचा उतारा घ्या. ९ व्या रकान्यात तीन भाऊ आणि आई, १० व्यात वारसा, ११ व्यात पीकेपीएसचं, म्हणजे गावच्या शेती सोसायटीचं पीककर्ज. विकायला आलेला मात्र एकटा थोरला भाऊ. तो म्हणतो, “कर्ज केव्हाच भरलंय, नुसतं नाव कमी करायचं राहिलंय.” अशा वेळी जाणता माणूस भांडत बसत नाही. कर्जाची रक्कम संचकारातून थेट सोसायटीत भरतो, फेडीचा दाखला घेतो आणि बोजा उतरलेला नवा उतारा हातात आल्याशिवाय पुढचा पैसा सोडत नाही. गटातला तुकडाच घ्यायचा असेल तर मोजणीचा ‘११ ई’ नकाशा झाल्याखेरीज नोंदणीची तारीख धरत नाही.

त्या उताऱ्यावर बहिणींची नावं नाहीत, हेही तो बघतो. कर्नाटकाने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला १९९४ मध्ये, केंद्राने २००५ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनीता शर्मा खटल्यानंतर तर वडील हयात होते की नव्हते हा वादही मिटला. कागलला, गडहिंग्लजला दिलेल्या बहिणीची सही आधी घेतली तर एका दिवसाच्या प्रवासाचं काम. राहून गेली तर दिवाणी दावा. वारसाचा दाखला आणि तीस वर्षांची ई.सी. (बोजाचा दाखला) काढायला जो खर्च येतो, तो वकिलाच्या पहिल्या तारखेपेक्षा नक्कीच कमी असतो.

रस्ता, पाणी आणि पंचायत

पुणे-बेंगळुरू महामार्ग चौपदरी झाला आणि निपाणी ते संकेश्वर पट्ट्यातल्या रस्त्याकडेच्या जागांकडे लोकांचं लक्ष गेलं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी त्यातल्या काहींचा हिशेब चुकवला. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी आल्याने महामार्गच बंद पडला, तिथे प्लॉटची काय कथा! दूधगंगा, वेदगंगा नि कृष्णेच्या काठची स्वस्त जागा उन्हाळ्यात बघून ठरवू नये. ऑगस्टमध्ये एक फेरी मारावी आणि शेजारच्या शेतकऱ्याला विचारावं, पाणी कुठवर आलं होतं.

निपाणीकडच्यांना आणखी एक भान लागतं. शहराला लागूनच असलेलं अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. रस्ता ओलांडला की मराठीतला सातबारा, मुद्रांक शुल्काचा वेगळा हिशेब, आणि शेतजमीन घ्यायची तर खरेदीदार शेतकरी असण्याची अट. इकडे कर्नाटकाने ती अट २०२० मध्ये काढून टाकली. एकाच एजंटाने दाखवलेल्या दोन जागांना दोन कायदे लागू होतात, म्हणून इसार देण्याआधी जागा कुठल्या राज्यात ते नक्की करावं.

ग्रामपंचायत हद्दीतल्या प्लॉटसाठी २०१३ पासून ‘ई-स्वत्तु’ ही पंचायतीची ऑनलाइन नोंद आली. नमुना ९ आणि ११ अ असलेला प्लॉट एक, आणि नुसता ११ ब असलेला, म्हणजे मंजुरी नसलेला दुसरा. दोन्ही शेजारी असतात, दोन्हींत वीजही असते. पण ११ ब च्या प्लॉटवर कर्ज द्यायला बँका सहसा तयार होत नाहीत. म्हणजे तुम्हाला तो विकायचा असेल तेव्हा गिऱ्हाईक रोखीचंच शोधावं लागतं, आणि रोखीचं गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं. स्वस्त मिळालं म्हणून घेतलेली जागा स्वस्तातच जाते, ती अशी.

हप्त्याचा हिशेब

१ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर बंदी आली. पुढच्या वर्षी नोटाबंदी आणि २०१७ मध्ये बांधकाम आणि लेआउटसाठीचा ‘रेरा’ कायदा लागू. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या लेआउटला नोंदणी लागते, गिऱ्हाइकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ रक्कम घेता येत नाही. भागीत एकर घेऊन लेआउट पाडणाऱ्यांचं गणित इथे बदललं. चाळीस गुंठ्यांतले रस्ते, मोकळी जागा, नागरी सोयी वजा जाता विकायला निम्म्याच्या आसपासच उरतात, हे विसरून चाळीस गुंठ्यांचा नफा वाटून बसलेल्या भागीदाऱ्या पहिल्याच वर्षी मोडतात. कुणी किती घालायचे, सही कुणाची, मध्येच कुणाला बाहेर पडायचं असेल तर भाव कसा धरायचा, हे जमीन घेण्याआधी लिहून ठेवलेलं बरं.

याच काळात कर्ज काढून गुंतवणूक करणारे वाढले. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवर आला, तेव्हा हप्ता हलका वाटला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तोच दर साडेसहा झाला आणि बदलत्या दराचं कर्ज घेतलेल्यांचा हप्ता तरी वाढला, नाहीतर मुदत. शेतजमिनीवर बँकेला २००२ च्या सरफेसी कायद्याने कोर्टाबाहेर जप्ती करता येत नाही, त्यामुळे तिथे कर्जाला ती कचरते. मग माणूस सौहार्द सोसायटीकडे वळतो. पैसा लवकर मिळतो, पण व्याज सहसा जास्त.

आकडे मांडून बघू. प्लॉट १८ लाखांचा. शहरी भागात मुद्रांक आणि ऑगस्ट २०२५ अखेर दुप्पट झालेली नोंदणी फी धरून ७.६ टक्के, म्हणजे १ लाख ३७ हजार. सरकारी दर व्यवहारापेक्षा जास्त असेल तर शुल्क त्या दरावर. १२ लाखांचं कर्ज, ९ टक्के, दहा वर्षं. हप्ता १५,२०० च्या घरात. तीन वर्षांत नुसतं व्याज २ लाख ९२ हजार. स्वतःचे ७ लाख ३७ हजार साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत असते तर दीड लाख मिळाले असते, तेही धरा. तीन वर्षांनी प्लॉट २३ लाख ८० हजारांना गेला तरच तुम्ही बरोबरीत. म्हणजे भाव दरसाल जवळपास दहा टक्क्यांनी चढायला हवा, आणि तोही दलाली आणि कर सोडून.

कराचंही एक स्थानिक गणित आहे. १० हजार ते एक लाख लोकवस्तीच्या नगरपालिका हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या पलीकडची, खरोखर कसलेली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. २०११ च्या जनगणनेत चिकोडी आणि निपाणी दोन्ही याच गटात होती. एन.ए. (बिनशेती) प्लॉटला मात्र हा नियम नाही. तो दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवून विकला तरी नफ्यावर कर आहेच, २३ जुलै २०२४ पासून साधारण साडेबारा टक्के.

२०२४ च्या अखेरीपासून ई-खात्याशिवाय, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन खात्याशिवाय प्लॉटची नोंदणी होत नाही, त्यामुळे कागद नसलेल्या जागेचं गिऱ्हाईक आणखी घटलं आहे. आज चिकोडीत पैसे घालणाऱ्याने आधी ई-खातं आणि ई.सी. बघावी. मग बारा महिन्यांचे हप्ते बाजूला काढून ठेवावेत, आणि जिल्हा होणारच नाही असं धरून हिशेब जुळतो का ते तपासावं. जुळला तर प्लॉट घ्यावा. जिल्हा झालाच, तर तो वरचा नफा.