अकराशेच्या वायरीत चार हजार

आज अर्थिंगवर लिहायचं ठरलं होतं. ते आठवडाभर थांबेल. इग्नायटरवरचा मागचा भाग वाचून पंढरपुरातल्या एका वायरमननी विचारलं आहे: वायरीवर ११०० व्होल्ट छापलेलं, सोडियमचा इग्नायटर झटके देतो चार हजारांचे, मग वायर फुटत कशी नाही?

११०० हा आकडा सतत चालणाऱ्या व्होल्टेजचा. ६५०/११०० ग्रेड म्हणजे तार आणि अर्थ यांच्यात ६५०, दोन तारांत ११००. आयएस १५५४ प्रमाणे हीच केबल कारखान्यात ३००० व्होल्टवर ५ मिनिटं तपासतात. एसीचे ३००० म्हणजे लाटेच्या शिखरावर जवळपास ४२४०! २५० वॅटच्या सोडियमचा झटका साधारण ३ ते ५ हजारांचा, तोही काही मायक्रोसेकंद टिकणारा. दिवा पेटला की त्याच्यावर १०० व्होल्टच्या आसपास उरतात आणि इग्नायटर थांबतो. त्यामुळे नवी, कोरडी, थंड वायर निभावून नेते.

फिटिंगमधली वायर मात्र तशी राहत नाही. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. दिव्याच्या धगीनं ती कडक होते, तडकते, आणि ऐन आषाढीच्या पावसात ओल त्या भेगेत शिरते. त्यात वाळवंटात वारकऱ्यांची दाटी असताना क्षणभर वीज गेली, की सगळे दिवे एकदम विझतात. सोडियमला पुन्हा पेटायला मिनिटभर तरी निवावं लागतं, मेटल हॅलाइडला दहा-पंधरा मिनिटं. तेवढा वेळ झटके चालूच. दिवा जळालेला असेल आणि इग्नायटरला टायमर नसेल, तर हा मारा रात्रभर चालतो. वायरी फुटतात त्या बहुतेक अशा.

म्हणून पिलर बॉक्सपासून चोकपर्यंत ११०० ग्रेड पुरे. इग्नायटर ते होल्डर या तुकड्याला मात्र झटक्याइतकं व्होल्टेज आणि धग दोन्ही सोसणारी वायर हवी. चोकच्या टॅपवर चालणारा इग्नायटर असेल तर झटका चोकमध्येच तयार होतो, तेव्हा चोकपासूनच तशी वायर घ्यावी. सिलिकॉनची वायर घातली म्हणजे झालं, असं बरेच जण धरून चालतात. सिलिकॉन उष्णतेला टिकतं. व्होल्टेजचा आकडा वेगळा वाचावा लागतो. होल्डर उघडलाच आहे तर एवढंही बघावं: झटक्याची तार मधल्या टोकाला हवी, आट्यांच्या बाजूला नको.

अंतराची अडचण भारी केबल घेऊन सुटत नाही. केबलच्या दोन तारांमध्ये मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धारिता असते. हायमास्टच्या बुडाशी साधा इग्नायटर आणि वर २० मीटरवर दिवा, अशी जोडणी केली तर झटका वाटेतच विरतो, आणि चांगला दिवा उगाच बदलला जातो. अशा वेळी इग्नायटर वर, दिव्याजवळ न्यावा. किती अंतर चालेल ते त्याच्या डबीवर लिहिलेलं असतं.

जळालेले दिवे वारीआधी बदलून घ्या. ते जमत नसेल तर त्या फिटिंगचा पुरवठा तरी तोडून ठेवा. अर्थिंग पुढच्या आठवड्यात.