पायथॉन नाही, कॉर्न स्नेक. पण जेवायचं कुठे?

साप पाळणाऱ्यांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही. सापाला खायला द्यायचं कुठे? त्याच्या टाकीतच, की बाहेर वेगळ्या डब्यात? हसू नका. लंडनमध्ये आयटीत असलेल्या माझ्या मैत्रिणीचं यावरून तिच्या फ्लॅटमेटशी चक्क भांडण चालू होतं. तिच्याकडे कॉर्न स्नेक आहे. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, नारिंगी, दिसायला एकदम सही. ब्रिटनमध्ये त्याला लायसन्स लागत नाही. (आपल्याकडे धामण किंवा अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा तो विचार सोडा.)

फ्लॅटमेटचा फंडा असा: टाकीत खायला दिलं की टाकीत येणारा प्रत्येक हात सापाला उंदीर वाटणार. म्हणून त्याला उचलायचं, डब्यात जेवू घालायचं, परत आणून ठेवायचं. ऐकायला पटतं. पण गोची तिथेच आहे. नुकताच उंदीर गिळलेला, अजून त्या वासावर असलेला साप उचलणं म्हणजे चावून घ्यायची हमखास वेळ. शिवाय साप थंड रक्ताचा. पचनासाठी त्याला बाहेरची ऊब लागते. कॉर्न स्नेकच्या टाकीतला उबदार कोपरा साधारण २८ ते ३० अंशांवर ठेवतात. भरल्या पोटी हलवलं, घाबरला, की तो अख्खा उंदीर ओकू शकतो. हे नुसतं किळसवाणं नाही. पोटातलं आम्ल वर येऊन अन्ननलिकेला इजा होते, आणि असं वरचेवर झालं तर साप खंगून मरूही शकतो.

म्हणून मी मैत्रिणीच्या बाजूने. तिची पद्धत सरळ आहे. पेट शॉपमधून आणलेला फ्रोझन उंदीर पूर्ण वितळवायचा, मग पिशवीसकट गरम पाण्यात ठेवून कोमट करायचा. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, तो फुटतो! मग लांब चिमट्याने टाकीतच द्यायचा. भुसा तोंडात जाऊ नये म्हणून खाली एक फरशी. जिवंत उंदीर नको, कोंडीत सापडला की तो सापालाच कुरतडतो. त्यानंतर ४८ तास सापाला हात लावायचा नाही. एरवी उचलण्याआधी ती कागदाच्या नळीने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करते. काही दिवसांत सापाला कळतं, नळी लागली की जेवण नाही.

वेगळी जागा खरंच लागते ती एका टाकीत दोन साप असतील तर. दोघांनी एकाच उंदराची दोन टोकं धरली, तर मोठा धाकट्यालाही गिळू शकतो. पण मुळात दोघांना वेगळ्या टाक्याच हव्यात.

आणि डबा वापरलाच, तर तो किचनच्या ओट्यावर नको, सिंकमध्ये धुणंही नको. सापाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, तो दिसत नाही. उंदरांचं पाकीटही फ्रीजरमध्ये मटारशेजारी नाही, वेगळ्या घट्ट डब्यात. हात साबणाने, दर वेळी.