होकाराचा मणका, नकाराचा मणका

उस्मानाबादी शेळी चरताना जवळ बसून कधी पाहिली आहे? जिल्ह्याचं नाव २०२३ साली धाराशिव झालं, काळ्याभोर शेळीचं मात्र जुनंच राहिलं. तिच्या डोळ्यातली बाहुली गोल नसते, आडवी फट असते. ती मान खाली घालते तेव्हा डोकं इतकं कलतं की ती फटही तिरकी व्हायला हवी. होत नाही! अख्खा डोळा खोबणीत उलट्या दिशेने पन्नास-पन्नास अंश फिरतो आणि फट जमिनीला समांतरच राहते. २०१५ साली शास्त्रज्ञांनी हे मोजून दाखवलं. तोंड गवतात, पण लांडगा कुठूनही येवो, नजर क्षितिजावर.

हे सगळं मला आठवलं ते भाचीमुळे. धाराशिवच्या घरी तिने चाकांचा छोटा रोबो जुळवला होता. चेहरा म्हणून त्याच्यावर टॅबलेट, पडद्यावर दोन डोळे. बोलणाऱ्या माणसाकडे त्याने वळून बघावं, एवढीच तिची इच्छा. पहिल्याच चाचणीत टॅबलेट किंचित पुढे झुकला, थरथरला आणि धाडकन खाली आला. "मामा, याने तर मान टाकली!"

मान म्हणजे काय, तर एकावर एक ठेवलेले दोन सांधे. आपल्या डोक्याची कवटी मानेच्या पहिल्या मणक्यावर टेकलेली असते. 'हो' म्हणताना डोकं मुख्यतः तिथे झुलतं. दुसऱ्या मणक्यातून हाडाची एक खुंटी वर आलेली असते, जात्याच्या खालच्या दगडात मधोमध ठोकलेल्या खिळीसारखी. पहिला मणका तिच्याभोवती फिरतो. 'नाही' म्हणताना मान जेवढी वळते, त्यातलं जवळपास निम्मं वळण या एकाच सांध्यातलं. थोडक्यात, होकाराला एक सांधा, नकाराला दुसरा. रोबोलाही तेवढंच लागतं: एक मोटर वर-खाली, एक डावी-उजवीकडे.

ही मोटर साधी नव्हे, सर्वो. तिच्या डबीत मोटर, दातेरी चाकं आणि जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा एक फिरता रोध असतो. तो आतल्या आत सांगत राहतो, 'आत्ता दांडा इथे आहे.' बाहेरून सेकंदाला पन्नास वेळा विजेचा ठोका येतो. ठोका दीड मिलिसेकंद टिकला, तर अर्थ 'मधोमध ये'. त्याहून लांब असेल तर एका बाजूला, आखूड असेल तर दुसऱ्या बाजूला. हवी ती जागा आणि असलेली जागा यांतला फरक मिटेपर्यंत मोटर ढकलत राहते. चुकतमाकत, स्वतःला सुधारत.

मग मान पडली का? टॅबलेट अर्ध्या किलोचा, आणि भाचीने तो खालच्या कडेला धरला होता. त्याचा गुरुत्वमध्य कडेपासून आठेक सेंटिमीटर वर. ताठ उभा असेपर्यंत काही तक्रार नाही, पण जसजसा वाकेल तसतसा भार वाढत जातो. पूर्ण आडवा झाला की अर्धा किलो गुणिले आठ, म्हणजे चार किलो-सेंटिमीटर. तिची नऊ ग्रॅमची निळी मोटर जेमतेम पावणेदोनपर्यंत झेपवणारी. भरलेली कळशी कडेवर सहज नेता येते, तीच हात लांब करून धरून पाहा.

दुकानात थोरली मोटर मिळते. ती घेण्याआधी आस सरकवून पाहावा, असं माझं मत. भाचीने टॅबलेट पाठीच्या मध्यावर धरला. गुरुत्वमध्य आसापासून सेंटिमीटरभर उरला आणि चाराचा भार अर्ध्या किलो-सेंटिमीटरवर आला. तीच निळी मोटर आता गुणगुणत काम करू लागली. खालच्या, आडव्या वळणाच्या मोटरवर तिने वजन टेकूच दिलं नाही. दोन तबकड्यांमधले छर्रे ते पेलतात, मोटर फक्त फिरवते.

एवढं करूनही वायरी उरल्याच! मान एकाच दिशेने फिरत राहिली तर त्या पिळवटतात. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, प्रत्येक पंचेचाळीस मीटर व्यासाची. याच दोन हालचाली त्याही करतात, एक क्षितिजाच्या कडेने, दुसरी वर-खाली. पण तबकडी मध्यापासून कोणत्याही बाजूला २७० अंशांपलीकडे वळत नाही. आत केबली आहेत, गोलगोल फिरत बसायची चैन तिलाही परवडत नाही. गंमत म्हणजे घुबडाची मानही साधारण २७० अंशांवरच थांबते. त्याच्या चौदा मणक्यांमधून केबली नाहीत, पण मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या आहेत.

भाचीचा रोबो सध्या छान होकार देतो. नकार देताना मात्र चार्जिंगची वायर ताणली जाते आणि मान अर्ध्यावरच थबकते.