भिंतीवरचा इतिहासपाठ

शाळेंतील चित्रकलेचा तास म्हटला कीं फुलदाणी, घन, शंकु आणि पुढें एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षा, हा क्रम आपल्या बहुतेक घरांच्या परिचयाचा आहे. तो आम्ही टाकाऊ म्हणत नाहीं. हात त्यानेंच बसतो. परंतु कुंचला हातीं देतांना मुलाच्या कानांचेंही कांहीं शिक्षण व्हावें, हा विचार अलीकडे आमच्या मनांत फार घोळत आहे. त्याला कारण अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरांतील एक भिंत.

तेथील सान फर्नांडो खोऱ्यांत तुहुंगा नांवाचा ओढा आहे. पुराच्या भयानें त्यास सिमेंटच्या पात्रांत कोंडण्यांत आलें. त्या पात्राच्या भिंतीवर चित्रें काढण्याविषयीं लष्कराच्या इंजिनियर खात्यानें १९७४ सालीं जूडी बाका या चित्रकर्त्रीस विचारलें. बाई मेक्सिकन वंशाच्या. पूर्वीं हायस्कुलांत शिकवीत असत. १९७६ सालीं रंगकाम सुरू झालें, आणि १९८३ पर्यंतच्या पांच उन्हाळ्यांत चारशेंवर मुलामुलींनीं २,७५४ फूट लांबीचें चित्र उभें केलें! त्यांतील कित्येक मुलें बालन्यायालयाच्या वाटेनें आलेलीं होतीं. कामाबद्दल त्यांस वेतन मिळे, हें आम्हांस योग्यच वाटतें.

विषय कॅलिफोर्नियाचा इतिहास. पण तो पाठ्यपुस्तकांतून उतरून घेतला नाहीं. इतिहासकारांस बोलाविलें, वस्त्यांतील वृद्धांस विचारलें, मग रेखाटनें झालीं. म्हणून मंदीच्या दिवसांत आगगाडींत घालून मेक्सिकोस धाडलेलीं कुटुंबें (त्यांत जन्मानें अमेरिकन नागरिक असलेलेही पुष्कळ होते) आणि १९४२ सालीं छावण्यांत डांबलेले जपानी-अमेरिकन त्या भिंतीवर आले. चावेझ रव्हीन येथील घरें उठवून पुढें बेसबॉलचें क्रीडांगण झालें. चित्रांत तें क्रीडांगण आकाशांतून घरांवर उतरणाऱ्या यानासारखें दाखविलें आहे, व शहराचे हमरस्ते एका कुटुंबास अजगरासारखे विळखा घालीत आहेत. नुसतें पुस्तक वाचून असें चित्र सुचणें कठीण. ज्यांचीं घरें गेलीं त्यांच्या तोंडून तें ऐकावें लागतें.

आजोबांची आठवण व लेखी पुरावा यांचा मेळ न बसल्यास काय करावें, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि इतिहासकार सोबत असण्याचें प्रयोजनही तेंच. मुलाला आजोबांस खोटें ठरवावें लागत नाहीं. ऐकलेलें पडताळून पाहावें, एवढें तो शिकतो. निबंधाच्या तासांत हें क्वचितच साधतें. ज्या घरांत तीन पिढ्या एका पंक्तीस बसतात, तेथें तर असा पाठ घेण्यास भिंतही लागूं नये.

विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्राची येथें आठवण होते. मूर्तीसाठीं चित्र, चित्रासाठीं नृत्य, नृत्यासाठीं वाद्य व वाद्यासाठीं गीत जाणावें, अशी शिडी मार्कंडेयांनीं वज्र राजास सांगितली आहे. तिच्याही तळाशीं ऐकणेंच आहे, याची आम्हांस मौज वाटली.

उन्हापावसानें फिकट झालेल्या त्या चित्राची २०११ सालीं डागडुजी झाली, आणि २०१७ सालीं त्याची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादींत झाली. चित्राचा काळ १९५० च्या दशकाशीं येऊन थांबला होता. पुढील दशकें जोडण्यासाठीं मेलन प्रतिष्ठानानें २०२१ सालीं पन्नास लक्ष डॉलर दिले.