एका अक्षराची चूक

फाळणीनंतर कल्याणशेजारच्या उल्हासनगरात सिंधी कुटुंबे वसली. या समाजात थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने अधिक आढळतात. भारतात या आजारामागे बहुतेकदा जनुकातील एकाच अक्षराचा बदल असतो.

पेशीच्या केंद्रकात हिमोग्लोबिनच्या बीटा-ग्लोबिन जनुकाची आरएनए प्रत बनते. तिच्या एका टोकाला ‘टोपी’, दुसऱ्याला ‘शेपटी’ लागते. न लागणारे दोन तुकडे कापून उरलेले तीन भाग जोडले जातात. मगच ती केंद्रकाबाहेर जाते. अक्षर बदलले की कात्री भलत्याच जागी चालते आणि हिमोग्लोबिन कमी पडते. आजार तीव्र असल्यास मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते.

वाहक स्वतः निरोगी दिसतो. मात्र आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात धोका २५ टक्के असतो. म्हणून लग्नाआधी पत्रिकेबरोबर ‘एचबीए-२’ रक्ततपासणीही जुळवावी.